मधलं नाव

औंधला शूटिंग बघायला गेले आणि माझ्या लेकीनं, शाल्मलीनं दौत सांडली. तीही नेमकी दुपारी शूटिंगला लागणाऱ्या वहीवर.

"सॉरी हं… चार वर्षांची आहे. हात धरला होता मी, तरी सुटली."

वह्या सांभाळणारा जिनेंद्र सांगलीचा. त्यानं आधी पोरीचे निळे हात बघितले, मग माझं तोंड. "आवं, रडताय कशाला? शाईच हाय. फक्त अक्षर काढणारा आमचा माणूस महाबळेश्वरला गेलाय, आन् शॉट दोनला हाय."

सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या एका लेखिकेवर होता. तिची पुस्तकं 'एक सौभाग्यवती' एवढ्याच नावानं छापली गेली. स्वतःचं नाव छापून यावं म्हणून ती जन्मभर छापखान्याच्या पायऱ्या झिजवते, अशी गोष्ट.

"द्या, मी लिहिते," मी म्हटलं. नानाआजोबांनी लहानपणी बोरूनं अक्षर गिरवून घेतलं होतं. भोवती नुसत्या वायरी, म्हणून एक डोळा शाल्मलीवर ठेवून पान उतरवलं. तो वाकून बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"लय देखणं हाय."

"अक्षर ना?"

"…अक्षरबी."

मग क्लोजअपला माझाच हात घेतला, तव्याच्या चटक्याच्या डागासकट. पुढं रोज बोलावणं आलं. मी लिहायचे, जिनेंद्र एका हातानं दौत धरायचा, दुसऱ्या हातानं शाल्मलीला.

एकदा मी डब्यातलं थालीपीठ पुढं केलं.

"कांदा हाय?"

"आहे."

"मग चातुर्मास संपल्यावर."

"तोवर शूटिंग संपेल की."

"शूटिंग संपंल," तो म्हणाला. "मी कुठं संपतोय?"

शेवटच्या दिवशी तो यादी घेऊन आला. "सिनेमाच्या शेवटी तुमचं नाव येणार. पूर्ण सांगा."

"समीक्षा…" आणि मी थांबले. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, पण आधारकार्डावर अजून त्याचंच नाव. आई म्हणते, वडलांचं लाव. शाळा, दवाखाना, बँक… प्रत्येक फॉर्मवर मधल्या रकान्याशी माझं पेन अडतं.

"नुसतं समीक्षा लिहा."

"अर्धवट म्हणतील सगळे."

"मग सिनेमा कशावर काढलाय तुम्ही?"

तो हसला. लिहिलं. मग कागदाकडंच बघत म्हणाला, "मधल्या जागंत मलाबी यायचं न्हाई. शेजारची मिळाली तर… बघा."

मी शाल्मलीची चप्पल शोधायला लागले. ती तिच्या पायातच होती.

वर्षभर त्याचे फोन येत राहिले. शाल्मलीच्या चौकशीसाठी, म्हणे. मी ना हो म्हटलं, ना नाही. पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नानंतर सांगलीत सिनेमा लागला. तिकिटं त्यानंच काढली. तो, मध्ये शाल्मली, मग मी. पडद्यावर हात आला तशी पोरगी ओरडली, "मम्मी, तुझा डाग!"

सिनेमा संपला. लोक उठले. मी उठले नाही. नावं वर सरकत होती.

'हस्ताक्षर: समीक्षा'. त्याच ओळीत, शेजारी, 'वह्या-दौती: जिनेंद्र'.

"तुमचं आडनाव कुठं गेलं?"

"जोडीला जोड नको व्हय?"

मी पिशवीतून डबा काढला. "थालीपीठ आहे. कांद्याचं. आता तर दोन चातुर्मास संपले."

पेंगुळलेल्या शाल्मलीला मी मांडीवर घेतलं. मधली खुर्ची मोकळी झाली.

"बघताय काय?" मी म्हटलं. "सरका की शेजारी."