दोन कातऱ्यांचा रोटर

गाडी बघायला आलात, तर ओट्यावर बसा आधी. इथे येणारा प्रत्येक जण तिच्या बॉनेटवरून हात फिरवतो, तुम्हीही फिरवलात. फिरवा, तिला आवडतं. असा पत्रा आणि असं इंजिन आता होणे नाही.

ही पेट्रोलची पिकअप माझ्या राघूमामाची. आम्ही लोणीचे, मेंढरांवाले. दिवाळीनंतर कळप कोकणाकडे निघाला की कोकरं, व्यालेल्या मेंढ्या आणि भांडीकुंडी भरून मामा मागून घाटमाथ्यावरच्या आहुप्यापर्यंत जायचा. पुढचा घाट कळपानं पायीच उतरायचा, म्हणून कळप परत येईपर्यंत गाडीसकट त्याचा मुक्काम आहुप्यात. तेवढे महिने त्या डोंगरातली अडलेली बाई, तापानं फणफणलेलं पोर, सगळ्यांना घोडेगावच्या दवाखान्यात नेणारी गाडी हीच. मामानं कधी कुणाला 'थांब' म्हटलं नाही. धुकं असो, दरड असो, हा बहाद्दर निघालाच. मी त्याच्यासारखा माणूस दुसरा पाहिला नाही.

एक खोड मात्र होती. गाडी लावली की बॉनेट उघडून रोटर काढायचा आणि कोपरीच्या आतल्या खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. इंजिनाच्या प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटतो. तो काढला की गाडी कुणाच्या बापाच्यानं चालू होत नाही. मामानं त्या पट्टीच्या कडेला कानसीनं दोन कातरे पाडले होते. आमच्या मेंढरांच्या कानाला असतात, तसेच. आजोबांच्या कळपाची खूण एक कातरा, मामाची दोन. कळप पुढच्याच्या हाती गेला की तो तिसरा पाडणार, अशी घराची रीत. मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून खूण दोनावरच थांबली.

दोन वर्षांपूर्वी मामा गेला. गाडी लावून घरात आला, पाणी मागितलं आणि तांब्या हातात यायच्या आत बसल्या जागी आडवा झाला. आमच्यात गेलेल्या माणसाची घोंगडी आणि अंगावरची कोपरी त्याच्याबरोबर सरणावर देतात, आणि त्याचा खिसा चाचपत नाहीत. त्याचं ते त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं. आम्ही रीत पाळली. पुढे महिन्यानं मी गाडी चालू करायला गेलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. रोटर मामाबरोबर जळाला होता.

मी ऋतिक. नावावर जाऊ नका, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. जुन्नर, नारायणगाव, मंचर असं सगळं पालथं घालून मी पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असे ठिणगीचे बाकीचे सुटे भागही मिळवले, सगळा जुना असली माल. काय माल होता तो! इतकी वर्षं अडगळीत पडून कंडेन्सर पहिल्या दिवसासारखा होता. पण रोटर काही मिळेना. नव्यातले डुप्लिकेट दांड्यावर सैल बसायचे. गाडी दोनदा खोकायची आणि गप्प.

घटस्थापनेला चिमामामीनं सांगून टाकलं, "रुतिक, दसऱ्याच्या पूजेला चालू झाली तर झाली. न्हाईतर भंगारवाल्याला बोलीव. मढं दारात किती दिस ठिवायचं?"

मला रडू आलं. मामी रडली नाही, चुलीपाशी जाऊन बसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं की आहुप्याला देवराईच्या कडेला तसलीच एक पिकअप सडत पडली आहे. बुडत्याला काडीचा आधार. मोटरसायकल काढली. डिंभ्याचं धरण मागे पडलं तसं धुकं दाटू लागलं. आहुप्यात पोचलो तेव्हा भर दुपार होती, आणि पुढचं चाकही धड दिसत नव्हतं. देवराईपाशी गाडी बंद केली. पानांवरून पाणी ठिबकत होतं, बाकी कसलाही आवाज नाही. पक्षीसुद्धा बोलत नव्हता. ओल्या पाल्याचा वास होता आणि त्यात दुसरा एक... लोकर जळाल्याचा.

सडकी पिकअप कुठेच नव्हती. शेवटच्या घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती, ठकूबाई. तिला विचारलं.

"तसली गाडी हितं कुठली, पावणं? तसली एकच व्हती. राघूभाऊची."

"मी त्यांचा भाचा."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. मग आत गेली आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन आली.

"ह्ये घे. भाचा यील, त्याला दे म्हन्ला."

"कोण... म्हणाला?"

"राघूभाऊ. आत्ताच तर गेला. तू आलास त्याच वाटंनं... दिसला न्हाई?"

वाटेवर मला कुणी दिसलं नव्हतं. मान वळवून बघायचा धीर होईना.

"गाडी नव्हती संगं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पायीच आला. लई थकल्यावानी वाटला... माजी नात हर्षाली, तिचे दिस भरलेत. म्हन्लं, भाऊ, आता कसं करायचं? तर म्हन्ला, पोराला ह्ये दे. बाकीचं माज्याकडं लागलं."

"आजी, मामा तर..."

 पुरचुंडी सोडली. काजळीनं माखलेला रोटर होता. पट्टी अंगठ्यानं पुसली. दोन कातरे. तुकडा गरम होता, चुलीतून काढून ठेवल्यासारखा.

घरी कसा आलो ते विचारू नका.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, रोटर बसवला. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात बोलली. काय तो आवाज! खोल, संथ, एक ठोका चुकत नव्हता. इतका सुंदर आवाज मी कुठल्याच यंत्राचा ऐकलेला नाही. मामी कुंकवाचं ताट घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली, आणि दोन वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. रडता रडता हसत होती. भंगारवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

"कुठं घावला रं?" तिनं विचारलं.

"जुन्नरला. जुन्या बाजारात."

तिनं माझा हात धरून नाकाशी नेला. "ह्यांच्या घोंगडीचा वास येतोय," एवढंच म्हणाली, आणि आपट्याची पानं बॉनेटवर ठेवली.

संध्याकाळी गाडी लावली आणि मामासारखाच रोटर काढून सदऱ्याच्या खिशात टाकला. तो सदरा अंगात ठेवूनच झोपलो.

सकाळी फोन वाजला. आहुप्याहून ठकूबाई. माझा नंबर तिला कुणी दिला, देव जाणे.

"हर्षाली सुटली रं! पोरगी झाली. आडवी आली व्हती, डाक्टर म्हन्ला, जरा उशीर झाला असता तर दोगी गेल्या असत्या... गाडी येळंला आली बग."

"आजी, मी नाही आलो."

"तू न्हाईच. तू कुठं व्हतास?"

अंगणात गेलो. चाकांना गुडघाभर तांबडा चिखल. लोणीची माती काळी आहे. हार सुकून गेला होता, बॉनेट कोमट होतं. उघडून पाहिलं, रोटरची जागा रिकामी होती. रिकामीच असणार. रोटर माझ्याकडे होता.

खिशात हात घातला. होता. गरम होता. बाहेर काढून उन्हात धरला. पट्टीच्या कडेला, मामाच्या दोन कातऱ्यांशेजारी, तिसरा होता. ताजा. कानसलेलं पितळ अजून चकाकत होतं.