एकशे अठरा नंबरचा डबा

चहाची रांग संपली तेव्हा एकशे अठरा नंबरचा डबा जागेवर नव्हता.

लंडनच्या पश्चिमेकडच्या त्या स्टुडिओत चहाची रांग ही एकमेव लोकशाही होती. दुपारी चारला गाडा यायचा आणि निर्मात्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे एकामागे एक उभे राहायचे. अपवाद दोन. नायकाचा चहा त्याच्या कॅरॅव्हॅनवर पोचवला जायचा, आणि दिग्दर्शक अमेरिकन असल्यामुळे तो चहाला चहा मानत नसे.

ग्वेन थ्रिप कॅमेऱ्याच्या खोलीचं दार नुसतं ओढून रांगेत उभी राहिली. कॅमेऱ्यात फिल्म भरणं, काढणं आणि काढलेली डब्यात बंद करणं हे तिचं काम. कप घेऊन ती परतली तर फळीवरच्या डब्यांच्या ओळीत मधोमध एक फट होती, दात पडल्यासारखी.

फिल्म अजून धुवायची होती. तिला उजेड लागला की खेळ खलास.

त्या डब्यात मोटार होती. सकाळी टेड बॅगोट नावाच्या स्टंटवाल्याने ती धक्क्यावरून पाण्यात घातली होती आणि स्वतःचा हात मोडून घेतला होता. त्याची चौकशी करायला विमा कंपनीच्या मिस विनिफ्रेड पिंचबेक आलेल्याच होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, सपाट चपला. मेजर क्वेल या गुप्तहेराचे चित्रपट जगातल्या निम्म्या लोकांनी पाहिले होते. मिस पिंचबेक उरलेल्या निम्म्यांत होत्या.

"चोरीबिरी काही नाही," निर्माते बेसिल हॅथरली आपल्या कार्यालयात म्हणाले. "त्या मुलीने चुकून डबा उघडला, फिल्म खराब झाली, घाबरून लपवला. असं होतं. सहा वाजता तिला काढतो. तुम्ही अहवालात तेवढं लिहा."

"पुरावा?"

"डबे तिच्या ताब्यात होते."

"काढल्यावर तिला दुसरीकडे काम मिळेल?"

हॅथरलींनी खिडकीबाहेर पाहिलं. "डबा हरवणाऱ्या मुलीला या धंद्यात दारातसुद्धा उभं करत नाहीत."

"मग सहापर्यंत मी चार प्रश्न विचारते. पहिला तुम्हाला. या चित्रपटावर राग कुणाचा आहे?"

"राग?" हॅथरली हसले. "सगळ्यांचाच. बसा, सांगतो. माझ्या वडिलांनी ही मालिका सुरू केली. पहिला दिग्दर्शक नौदलातला होता. त्याचा नियम एकच. मेजर दारातून आत येतो, त्याआधी तो कुठे होता हे विचारायचं नाही. दुसऱ्याने त्याला विनोद दिले. तिसरा गंभीर होता, त्याने मेजरचं लग्न लावलं आणि मध्यंतराच्या आत बायको मारली. तेव्हापासून मेजर दर चित्रपटात एकदा खिडकीबाहेर बघतो."

"आणि आत्ताचे?"

"डेल वॉस्बर्ग. त्यांनी मेजरला आई दिली."

"म्हणजे इतकी वर्षं त्याला आई नव्हती?"

"गरज पडली नव्हती," हॅथरली म्हणाले. "आता म्हणे प्रेक्षकांना कळायला हवं, तो असा का झाला. मी म्हटलं, तो पगार घेतो म्हणून तसा झाला. पण शेवटचा शब्द वॉस्बर्गचा आहे. करारात लिहून घेतलंय बेट्याने."

"डबा नाहीसा झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"रांगेत. पुढे रंगारी, मागे टेड. डाव्या हातात कप धरून मला शिव्या देत होता."

ग्वेन थ्रिप फळीसमोर उभी होती. रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

"डबा उघडलास?"

"नाही, बाई. उघडला असता तर सांगितलं असतं. उघडलेला डबा लपवून काय करू, लोणचं घालू?"

"डब्यावर काय लिहिलं होतंस?"

"आकडा. एकशे अठरा. ठळक काळ्या शाईत."

"या खोलीत तो दुसऱ्या कुणाला सापडला असता?"

"वाचता येणाऱ्या कुणालाही." ती थांबली. "बाई, मला सहाला काढणार आहेत ना? हे काम मिळायला मला चार वर्षं लागली. बायकांना कॅमेऱ्याजवळ येऊ देत नाहीत. आता म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं?"

बाहेर फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेची गाडी उभी होती. उरलेले डबे तिच्यात चढले आणि ती निघून गेली.

डेल वॉस्बर्ग तीन नंबरच्या मंचावर सापडला. तिथे रेल्वे स्टेशनचा फलाट उभारला होता. फलाटावर एक बाक, बाकावर वॉस्बर्ग. तो सगळ्यांना पहिल्या भेटीतच अरेतुरे करायचा.

"बस, विनी. मोटार गेली माझी. टेडला पुन्हा उडी मारावी लागणार, आणि तो म्हणतोय आधी मला त्या मोटारीत घालणार."

"तुम्हाला कसं कळलं मोटारच गेली?"

"एकशे अठरा गेला म्हणाले ना. आता कळतं मला. आमच्याकडे अमेरिकेत क्लॅपच्या पाटीवर पटकथेतल्या सीनचा नंबर लिहितात. सीन बारा, तर बारा. तुमच्या देशात पहिल्या दिवशी एक लिहितात आणि मेंढरं मोजल्यासारखे मोजत सुटतात. पहिला आठवडा मी रोज भलतीच फिल्म मागत होतो. ती ग्वेन मला बघून पळायची."

"चहाच्या वेळी कुठे होतात?"

"इथेच. रडत."

"मोटारीसाठी?"

"छे गं. मोटार नंतर गेली. त्याआधी, दुपारी, इथे आईचा सीन घेतला. मेजर या बाकावर बसतो आणि सांगतो. लहान असताना आईने त्याला असंच बसवलं, मांडीवर पेटी दिली, म्हणाली चहा घेऊन येते. आलीच नाही. रॉडरिक पेलने एका टेकमध्ये केलं. मेजर क्वेल आता माणूस झाला, विनी."

"कल्पना कुणाची?"

वॉस्बर्गने हात पसरले. "कल्पना कुणाचीच नसते. माणसं दारू पितात, बोलतात. मी पीत नाही, ऐकतो."

"तुम्ही इथे होतात याला साक्षीदार?"

"बाक," वॉस्बर्ग म्हणाला.

रॉडरिक पेल यांची कॅरॅव्हॅन झाडांच्या पलीकडे होती. पायरीच्या कडेला चहाचा कप होता, बशीत बिस्किट. चहावर साय धरली होती.

दार उघडायला वेळ लागला. पेल यांचा चेहरा जगभरच्या भिंतींवर लागलेला होता. जवळून तो थकलेल्या शिक्षकासारखा दिसत होता. आत पडदे उघडे होते, उन्हाने सगळं लख्ख झालेलं. आरशात एक फोटो खोचला होता. पेल आणि त्यांच्या हाताला धरून टोपीवाली म्हातारी, मागे चित्रपटगृहाचे दिवे.

"आई," पेल म्हणाले. "पहिल्या खेळाला दर वेळी येते. पुढच्या रांगेत बसते आणि शेजारच्याला विचारत राहते, हा मरणार नाही ना शेवटी?"

"दुपारपासून इथेच आहात?"

"सीन संपल्यापासून. पडून होतो. डोकं दुखतंय."

"चहाने बरं वाटलं असतं."

"आज कुणी आणलाच नाही."

"काय हरवलंय ते कळलं?"

"एकशे अठरा. बाहेर कुणीतरी ओरडत गेलं." ते कपाटाला पाठ लावून उभे होते. "वाईट झालं. पण मला पुन्हा करायला सांगू नका. वॉस्बर्गलाही मी तेच सांगणार आहे. तसं एकदाच होतं."

"त्या मुलीला काढणार आहेत."

पेल यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुठल्या मुलीला?"

"जिच्या ताब्यात डबे होते तिला. सहा वाजता."

मिस पिंचबेक बाहेर पडल्या. जाताना त्यांनी कपाला बोट लावून पाहिलं. गार.

सहाला थोडा अवकाश होता. हॅथरलींच्या कार्यालयात पाच जण होते. ग्वेन दाराशी उभी, कारण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"डबा मिस थ्रिपने लपवलेला नाही," मिस पिंचबेक म्हणाल्या. "ती रांगेत होती. तिच्या मागे कुणी आणि पुढे कुणी, हे मी विचारून आले. या देशात माणूस बायकोचा चेहरा विसरेल, पण रांगेत आपल्या पुढे कोण होतं ते विसरत नाही. रांगेत नव्हते दोघेच."

"मी?" वॉस्बर्ग म्हणाला. "माझीच मोटार मी कशाला चोरू?"

"तोच प्रश्न मला पडला होता. मोटार कुणाला नको होती? टेडचा तिच्यात हात गेला. हॅथरलींचा पैसा. तुमची शान. ती सगळ्यांनाच हवी होती. मग वाटलं, चोरालाही मोटार नकोच असेल. त्याला दुसरंच काही हवं होतं आणि हाती चुकीचा डबा लागला."

मिस पिंचबेक वॉस्बर्गकडे वळल्या.

"वॉस्बर्ग, पटकथेत आईच्या सीनचा नंबर काय?"

वॉस्बर्गचं तोंड उघडलं. "एकशे अठरा."

"आणि त्याच्या क्लॅपवरचा आकडा?"

"एकशे एकवीस," ग्वेन दाराकडून म्हणाली. "तो डबा मघाच प्रयोगशाळेत गेला."

"पटकथेतला एकशे अठरावा सीन आणि मोजणीतला एकशे अठरावा आकडा एकाच दिवशी आले. योगायोग आहे, पण योगायोगच नसते तर माझी कंपनी कधीच बुडाली असती. आता, अशी चूक कोण करेल? कॅमेरा विभागातलं माणूस नाही. ती बाळं आकड्यांतच वाढतात. वॉस्बर्ग नाही. ते आठवडाभर ठेचकाळून शिकले. हॅथरली रांगेत होते. उरतो तो माणूस, जो पटकथा पाठ करतो, सीनच्या नंबरासकट, आणि क्लॅप वाजतो तेव्हा डोळे मिटून असतो."

पेल यांनी डोळे मिटलेलेच होते.

"सगळे माझ्याजवळ मोटारीसाठी हळहळले. तुम्ही एकटे म्हणालात, मला पुन्हा करायला सांगू नका. मोटार तुम्ही चालवलीच नव्हती, मिस्टर पेल. ती टेडने चालवली. तुम्ही ज्यासाठी हळहळत होतात ते तुमच्या मते डब्यात होतं. आणि चहा आला होता. तुमच्या पायरीवर साय धरून बसलाय. चहावाल्या बाईने दार वाजवलं तेव्हा तुम्ही आत नव्हतात."

"इतकी वर्षं तो क्लॅप माझ्या नाकापुढे वाजतोय," पेल म्हणाले. "एकदाही वाचला नाही."

"डबा कुठे आहे?"

"कपाटात. फिल्म न्हाणीच्या भांड्यात. उन्हात धरली सगळी. वार वार उलगडली." ते ग्वेनकडे बघत नव्हते. "टेडची उडी होती होय ती."

"पण का?" हॅथरली म्हणाले. "रॉडरिक, का? तो सीन तर तुझं नाव काढणार होता."

"तो बाक माझा आहे, बेसिल. पेटीही माझी. मी आठ वर्षांचा होतो. दोन वर्षं मावशीकडे काढली, मग एक दिवस आई आली आणि म्हणाली, चल. त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. या वॉस्बर्गला बोललो एकदा, रात्री, पिऊन. सकाळी पटकथेत आलं." ते वॉस्बर्गकडे वळले. "मेजरला भूतकाळ हवा होता तर बनवायचा होतास. लेखकाला कशाचा पगार देतोस?"

"मग नाही का म्हणाला नाहीस?" वॉस्बर्ग हळू म्हणाला.

"नट आहे मी. चांगला सीन होता."

हॅथरली उठले आणि दार बंद करायला निघाले, ग्वेनला बाहेर ठेवून. मग विचार बदलून त्यांनी तिला आत घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "मेजर क्वेल चोर निघाला असं छापून आलं तर मालिका संपली. शेकडो माणसांचं पोट आहे यावर. मिस थ्रिपला मी चांगलं शिफारसपत्र देतो. चूक अपघाताने झाली, इतकंच. मिस पिंचबेक, तुमच्या अहवालाला काय फरक पडतो?"

"मला पडत नाही. तिला पडतो."

"कुठे दाखवू शिफारस?" ग्वेन म्हणाली. "डबा हरवणाऱ्या मुलीला दारात उभं करत नाहीत."

घड्याळात सहा वाजायला आले होते. पेल यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

"आई, मी. ...नाही, बराय. ...ऐक. उद्याच्या पेपरात माझ्याबद्दल काहीतरी येईल, आधी माझ्याकडून ऐक. मी एक डबा चोरला. ...फिल्मचा. ...कारण चित्रपटात मी एक गोष्ट सांगतो, ती तुला दिसू नये म्हणून. ...स्टेशनवरची. ...हो. तीच."

मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा हात तिथेच राहिला.

"म्हणाली, एवढ्या लोकांना सांगितलंस, मला कधी सांगितलं नाहीस."

"येणार आहे का?" मिस पिंचबेक यांनी विचारलं. "पहिल्या खेळाला?"

"पुढच्याच रांगेत."

"हे वाक्य फार सुंदर आहे," वॉस्बर्ग पुटपुटला. त्याचा हात खिशात पेन्सिल शोधत होता. मिस पिंचबेक यांनी त्याच्याकडे पाहिलं. हात रिकामा बाहेर आला.

पेल मंचावर गेले. माणसं सामान आवरत होती. कुणी शांत व्हा म्हटलं नाही, तरी हळूहळू सगळे थांबले. हात गळ्यात अडकवलेला टेडही पुढे आला.

"डबा मी घेतला," पेल म्हणाले. "उघडून खराब केला. मिस थ्रिपचा काहीही संबंध नाही. टेड, तुझी उडी मी वाया घालवली. उद्या पोलीस येवोत नाहीतर वार्ताहर, मी हेच सांगणार आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. टेडने नुसती मान हलवली आणि आपल्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं.

ग्वेन कॅमेऱ्याजवळ गेली आणि उद्यासाठी भिंगं पुसायला लागली. पेल तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना शब्द सापडेना, आणि या वेळी लिहून द्यायला कुणी नव्हतं.

"मला तुमची माफी..."

"विचारायचं होतंत," ग्वेन भिंगावर फुंकर मारत म्हणाली. "कुठला डबा ते सांगितलं असतं."