पुढच्या ब्रेकमधली हवा

शिवणवाल्या ताईवर आधी कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. तपासणीच्या साहेबाने नाही, शेजाऱ्यांनी नाही, सख्ख्या जावेनेही नाही. बाई अजून त्याच घरात राहते. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. दोन शिव्या हासडेल, पण शब्द फिरवणार नाही.

तिला एकच भाऊ, तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेला. त्याच्याकडे वेगाची मोटरसायकल होती. पळायची वाऱ्यासारखी, पण थांबताना रडायची. म्हणून त्याने पुढचे ब्रेक बदलायला काढले. दोन मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे आवळणारे, दुसऱ्या गाडीचे दणकट कॅलिपर आणले. काम घरच्याच गॅरेजात, खालच्या मजल्यावर. ताईचा नवरा मेकॅनिक. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली की हँडलचा लिव्हर पोकळ लागतो, दाबला तरी ब्रेक धरत नाही. ती हवा काढायला दोघं लागतात. एकाने लिव्हर दाबायचा आणि ‘धरलंय’ म्हणायचं, मग दुसऱ्याने कॅलिपरचा नट सैल करून हवा सोडायची. भाऊ लिव्हरवर बसला, उस्ताद पान्यावर. ताई खाली बसून बॅटरी दाखवत होती. दोन्ही नट कॅलिपरच्या खालच्या अंगाला होते. तिने नीट पाहिलं, कारण तेल तिच्याच पावलावर टपकत होतं. नट खाली कसे, असं तिने विचारलंही. उस्ताद म्हणाला, तू उजेड दाखव, अक्कल नको.

दुसऱ्या दिवशी उताराच्या वळणावर लिव्हर पोकळ गेला. भाऊ गेला.

गाडी गॅरेजात आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी अपघाताच्या तपासणीचा साहेब आला. त्याने पाहिलं तर नट वरच्या अंगाला, लिव्हर दगडासारखा घट्ट. कागदावर लिहिलं, चालकाचा बेदरकारपणा. ताई तिथल्या तिथे भडकली. म्हणाली, नट खाली होते, कुणीतरी फिरवलेत.

“बाई, तुमच्या शिलाई मशीनला ब्रेक कुठे असतो?” साहेब हसून म्हणाला.

“मशीनला नसेल. मला डोळे आहेत.”

पण दुसऱ्या एका मेकॅनिकने तिला हवेचं गणित समजावलं. हवा वर चढते. नट खाली राहिले, म्हणजे कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झाले, तर वरची हवा कधीच निघत नाही. ताईने हे घरी सांगितलं. उस्तादने तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, रात्रभर उशाशी बसून राहिला. सकाळी शेजारणीला हळूच म्हणाला, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. ताईने ते ऐकलं आणि तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका आली. एवढं जपणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

आता ती रात्र. मंगळवार, बारा तारीख. गाडी उद्या भंगारात जाणार होती, म्हणून उस्ताद टेंपो ठरवायला गेला होता. मशीन कुरकुरत होतं, तेव्हा तेलाची कुपी आणायला ताई खाली गॅरेजात उतरली. आठ वाजून दहा मिनिटांनी दिवे गेले.

ती थांबली. अंधारात फळी चाचपडत होती. कुपी हाताला लागली.

मागून आवाज आला.

“धरलंय.”

तिने वळून पाहिलं नाही. तिला वाटलं, हेच ते... डोक्यावरचा परिणाम.

मग लिव्हरची स्प्रिंग करकरली. हळू. पार हँडलला टेकेपर्यंत.

“धरलंय, भावोजी...”

आवाज त्याचाच. दमलेला. तासन्‌तास धरून बसल्यासारखा.

तिला ओरडायचं होतं. तिने कुपी छातीशी घट्ट धरली. गाडीवर कापड होतं... कापड हलत होतं.

तेवढ्यात शटर वर गेलं. दारात उस्ताद. बाहेरच्या चंद्राच्या उजेडात नुसती आकृती. आत ताई आहे, हे त्याला दिसलं नाही.

“भावोजी, नट अजून खालीच आहेत का?”

आणि उस्ताद बोलून गेला. वर्षानुवर्षांची सवय. पान्यावरच्या माणसाने हाकेला ओ द्यायचीच.

“नाही रे. वर केलेत मी.”





उस्तादला आपलाच आवाज ऐकू आला असावा. तो शटर धरून खाली बसला. ताई अंधारातून पुढे आली. तिच्या हातातली कुपी त्याने पाहिली, मग तिचा चेहरा.

“त्याच रात्री फिरवले?” तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

“आणि मला वेडी ठरवलंस.”

...

सकाळी तिने स्वतः साहेबाला बोलावून आणलं. तो गॅरेजसमोर आला आणि मान वर करून उभाच राहिला. शटरवरची पाटी नऊ फुटांवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. पाटीवरचा रंग फुगून, सुटून खाली ओघळला होता. ब्रेक ऑइल पडलं की रंग असाच सुटतो. वास तोच होता. अक्षरांवरून एक पंजा ओढत गेलेला, पाचही बोटं स्पष्ट. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीतलं तेल मात्र काठोकाठ, थेंबभरही कमी नाही.

साहेबाने या वेळी मशीनचा विनोद केला नाही. खिशातून पेन काढलं आणि तक्रार कुणाविरुद्ध लिहायची, असं खालच्या आवाजात विचारलं.

ताईने पदर खोचला.

“माझा नवरा,” ती म्हणाली. “नाव लिहा. उस्ताद.”