कुलदीपच्या प्लेटलेट

ज्या माणसाने माझे एका सकाळचे सगळे नमुने बर्फात घालून मारले, त्याच्या येण्याची मी पुढे वाट बघेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मे महिना होता. हैदराबादच्या कोठी भागातल्या एका दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या घेऊन मी प्रयोगशाळेकडे निघाले होते आणि सुलतान बाजारात रिक्षा बंद पडली. समोर साड्यांचं दुकान होतं, आत पंखा होता. मी डबा काउंटरवर ठेवला आणि दुसरी रिक्षा बोलवायला फोन लावत दारापाशी गेले. वळून बघते तर दुकानाचा मालक शेजारच्या सरबतवाल्याकडून आणलेला बर्फ मूठमूठ माझ्या डब्यात भरत होता. चांगला भरभक्कम माणूस, कपाळावर घाम, चेहऱ्यावर नुसता परोपकार.

"अहो, काय करताय!"

"परेशान नका होऊ मॅडम. डब्यावर ब्लड लिहिलंय ना… उन्हात खराब होईल म्हणलं."

"प्लेटलेटना गारठा चालत नाही! कामातून जातात त्या!"

तो हातात बर्फ घेऊन तसाच उभा राहिला. "मंजे… मी मारलं त्यांना?"

"हौ," मी म्हणाले. दोन वर्षं हैदराबादेत राहून एवढं तरी शिकले होते.

"कुणाचं होतं रक्त?"

"जाड माणसांचं."

त्याने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे. "मग माझं घ्या की. इथं काय कमी आहे?"

मला हसायचं नव्हतं… पण हसले.

माझं काम थोडक्यात सांगते. जखम झाली की रक्ताची गाठ बनवतात त्या इवल्याशा पेशी म्हणजे प्लेटलेट. त्यांच्या अंगातही चरबी असते. माणूस जाड झाला की त्या चरबीत काय बदल होतो, त्यामुळे प्लेटलेट नको तिथे, नको तेव्हा एकमेकींना चिकटतात का, आणि वजन उतरल्यावर त्या पुन्हा ताळ्यावर येतात का, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. लग्नाच्या बाजारात हा विषय सांगितला की मुलाकडचे चहा लवकर संपवतात. माझी त्याला हरकत नव्हती. हे काम उरकायचं आणि पुण्याला परत जायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

तो दुकानदार, कुलदीप, खरंच आला. दर महिन्याला उपाशीपोटी यायचं, वजन करायचं, रक्त द्यायचं. ठरलेलं वजन उतरलं की शेवटचा नमुना, आणि सुटका. प्लेटलेट फार मानी असतात, जरा घाई केली की बिथरतात. म्हणून रक्त जाड सुईने आणि अगदी हळू घ्यावं लागतं. तेवढा वेळ समोरासमोर बसणं आलंच.

"मूठ एवढी आवळू नका."

"दुखलं तर सांगायचं का?"

"सांगा."

"सांगितल्यावर काय कराल?"

"ऐकून घेईन."

"बस… तेवढंच पाहिजे होतं," तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. मी नळीकडे बघायचे. कुणीतरी कुठेतरी बघायला हवं होतं.

त्याची मराठी त्याच्या पणजोबांनी मराठवाड्यातून आणलेली, आणि मग सुलतान बाजारात मुरलेली. "काय करायलाव मॅडम?" असं तो दारातूनच विचारायचा. मी म्हणायचे, "पुण्यात याला 'काय करताय' म्हणतात." तो म्हणायचा, "पुण्यात विचारतात तरी का?"

एकदा मात्र त्याने बाहेर बघतच सांगितलं, "बाबा दुकानातच गेले. साडीची घडी घालता घालता. पन्नास पण नव्हते झाले. डॉक्टर बोलले, हृदयात गाठ आडकली." मी नळी हळूच उलटसुलट करत राहिले. त्या रात्री जेवण मात्र गेलं नाही.

पावसाळा संपत आला. त्याचं वजन सुरुवातीला झरझर उतरलं, आणि ठरलेल्या आकड्याच्या अगदी उंबऱ्यावर येऊन अडून बसलं. एका महिन्यात जरा खाली, पुढच्यात जरा वर. बाकीच्या जाड मंडळींपैकी काही गळाली होती, कुणी कंटाळून, कुणी बदली होऊन; उरलेल्यांचे नमुने पूर्ण झाले होते. अभ्यास पूर्ण व्हायला आता एकट्या कुलदीपचा शेवटचा नमुना हवा होता. तो मिळाला की वर्षअखेर मी पुण्यात. माझ्या मार्गदर्शक अपर्णा मॅडम रोज विचारायच्या, "उतरला का तुझा पेशंट?"

परवा तो आला तेव्हा बाहेर रिमझिम होती. वजन पुन्हा उंबऱ्याच्या अलीकडेच. मी रक्त घेतलं, यंत्रात फिरवलं, आणि नळी उजेडात धरली. वरचा द्रव पिवळसर, नितळ दिसायला हवा. तो दुधासारखा पांढरा होता. तुपातेलाचं भरपूर खाल्लं की काही तासांनी रक्त असं दिसतं.

मी नळी घेऊन तशीच बाहेर आले. "कुलदीप, सकाळी काय खाल्लंत?"

"काहीच न—"

"हे बघा."

त्याने नळी पाहिली. चेहरा उतरला. "नहारी," तो म्हणाला. म्हणजे रात्रभर शिजलेला, तुपाने थबथबलेला मटणाचा रस्सा. "पहाटे उठून. वर दोन लोटे पाणी."

"का?"

"घरच्या काट्यावर वजन बघितलं… उतरलं होतं. बरोबर आकड्यावर. मी घाबरलो." तो आता बाहेर बघत नव्हता. "आकडा आला की शेवटचं रक्त. मग तुम्ही मला कशाला बोलवायलाव? आणि मग तुम्ही पुण्याला जाणार…"

"म्हणजे इतके महिने तुम्ही मुद्दाम—"

"हौ."

मी त्याला खूप बोलले. तुमच्या वडिलांचं काय झालं ते विसरलात का, हा काय पोरखेळ आहे का, असं बरंच काही. आवाज चढला. मग मी नळी घेऊन आत निघून आले आणि दार लावलं.

वाट सरळ होती. पुढच्या आठवड्यात त्याला उपाशी बोलवायचं, नमुना घ्यायचा, प्रबंध लिहायचा. तो नाही म्हणाला नसता. पण जुने निकाल समोर घेतले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्याचा आकडा वाचताना मी दर वेळी श्वास रोखून धरत होते. मला त्याच्या प्लेटलेट चांगल्याच निघायला हव्या होत्या. अभ्यास करणाऱ्या माणसाला असं काही हवं असून चालत नाही.

मी अपर्णा मॅडमकडे गेले आणि तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नवीन माणूस शोधावा लागेल. पहिल्यापासून."

"हो."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही.

कुलदीप अजून बाकावरच होता. मला बघून ताडकन उठला.

"तुमचं नाव मी अभ्यासातून काढलं," मी म्हणाले.

"असं नका करू मॅडम… पुढच्या हप्त्यात उपाशी येतो. दोन दिवसांचा उपाशी येतो!"

"नको."

"मग मी इथं… काय म्हणून येऊ?"

मी तळवे ओढणीला पुसले. "तुझे आकडे मला आता तटस्थपणे वाचता येत नाहीत. म्हणून काढलं. मला तू आवडतोस." एवढं बोलल्यावर मागे जाण्यात अर्थ नव्हता. "तू जाड आहेस याची मला अडचण नाही कुलदीप. तू बाबांसारखा लवकर गेलास तर आहे. वजन उतरवायचं ते आता माझ्यासाठी. आणि खोटं बोलायचं नाही."

डोळे भरले होते त्याचे. मग हळूच म्हणाला, "नाही बोलणार… केतकी." माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं.

आम्ही जिना उतरलो. खाली पाऊस जरा वाढला होता, म्हणून दारातच थांबलो, खांद्याला खांदा लागेल एवढ्याच जागेत.

"मग तुझं काम लांबलं का?"

"वर्षभर तरी."

"मंजे वर्षभर तू हैदराबाद सोडत नाहीस?" चेहरा पाडून विचारायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. जमलं नाही.

"नाही सोडत."

"आणि… त्याच्यानंतर?"

"त्यानंतरही नाही," मी म्हणाले.