बिनबुडाची वाटी

"पाय खाली टेकवू नका," टेबलाखालून आवाज आला, आणि दारातून आत आलेला उंच माणूस एक पाय हवेत धरून तसाच उभा राहिला.

संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत दगडातून जुनी हाडं मोकळी करायचं काम चाले. ते करणाऱ्या मुलीला सगळे सुईताई म्हणत. हातातून निसटलेला एक दात ती जमिनीवर रांगत शोधत होती. दात तांदळाच्या दाण्याएवढा, आणि वय तेवीस कोटी वर्षं. सापडला तो नेमका त्याच्या दुसऱ्या बुटाला खेटून.

"अजून किती वेळ असा उभा राहू?"

"बगळे दिवसभर राहतात," चिमट्याने दात उचलत ती म्हणाली, आणि मग वर पाहिलं... जरा जास्तच वेळ.

तो नवा संशोधक होता. खिशात सदा मोजपट्टी, म्हणून आठवड्याभरात त्याचं नावच मोजपट्टी पडलं. लांबच्या कोरड्या नदीकाठावरून त्याने आणलेला लाल दगड सुईताईच्या टेबलावर आला. आत कुत्र्याएवढा एक प्राणी होता. डायनासोर, की डायनासोरांच्या भावकीतला कुणी, एवढंच ठरायचं होतं.

ते ठरणार होतं खुब्याच्या वाटीवर. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत फिरतो, तिला मगरींच्या घराण्यात बूड असतं, डायनासोरांच्या जवळच्या नात्यातल्यांनाही बहुतेक असतं. डायनासोरांच्या वाटीला मात्र आरपार भोक. या बिनबुडाच्या वाटीच्या जोरावर ते पाय सरळ पोटाखाली घेऊन उभे राहिले. हे सांगताना तो स्वतःच टाचा जुळवून ताठ उभा राहिला होता, आणि तिला हसू दाबावं लागलं होतं.

मग रोज दुपारी तो तिच्याशेजारी स्टूल ओढून बसू लागला. ती भिंगाखाली सुईने दगड कणाकणाने खरवडी, तो चित्रं काढी. हाडांची काढतो म्हणे. एकदा पान उलटलं तर त्यावर तिची बोटं होती. त्या दिवशी सुई दोनदा घसरली.

त्याची नेमणूक महिनाअखेरीला संपत होती. संग्रहालय चालवणाऱ्या थोरल्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, डायनासोर निघाला तर जागा कायम. नाहीतर दूरच्या शहरातून आलेलं बोलावणं त्याने घ्यावं. हे त्याने तिला सांगितलं ते तिच्याकडे न बघता, सुईच्या टोकाकडे बघत.

"भोक निघालं तर मी इथेच."

"आणि नाही निघालं तर?"

"तर या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसेल."

"स्टूल मोडकं आहे," ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला नाही देणार मी."

त्यानंतरच्या मंगळवारी सुई आरपार गेली. पलीकडचा उजेड वाटीतून चमकला. त्याने आनंदाने तिचा धुळीने माखलेला हात धरला, आणि सोडायचं विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही.

डायनासोर सापडल्याचा त्याचा निबंध लिहून झाला. शुक्रवारी सरांसह सगळ्यांसमोर वाचायचा होता.

खरवडलेली भुकटी कधी फेकायची नाही, हा सुईताईचा नेम. ती रोजची रोज तारीख घालून कुपीत भरायची आणि काम संपलं की प्रत्येक कुपी भिंगाखाली बघायची. गुरुवारी सकाळी तिने त्या मंगळवारची कुपी ओतली. भुकटीत एक कपची होती, नखाहून लहान, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. रंग दगडाचाच, लाल. पण तुटलेल्या कडेला बारीक बारीक छिद्रं दिसत होती.

दगडाला अशी छिद्रं नसतात. हाडाला असतात.

वाटीला बूड होतं. झिजून पातळ झालेलं, दगडात मिसळून गेलेलं, पण होतं. इतक्या वर्षांत तिच्या सुईने हाड कधी फोडलं नव्हतं. त्या दिवशी फोडलं, कारण त्या दिवशी तिच्या हातालाच भोक हवं होतं.

या कुप्या तिच्याशिवाय कुणी उघडत नसे. नुसती फुंकर पुरली असती... ती ओठ मिटून बसून राहिली. जिन्यावर त्याची पावलं वाजली.

तिने भिंग त्याच्यापुढे सरकवलं.

तो बराच वेळ वाकून राहिला. मग चिमट्याने कपची उचलून वाटीच्या भोकाशी धरली. एक कड बसली. पुरती बसली, मध्ये केसही जाणार नाही अशी.

"कुणाला दाखवलंत?"

"कुणालाच नाही."

कपची अजून त्याच्या चिमट्यातच होती. आता ही कपची कुठे जाणार, हे तिला कळत नव्हतं.

"गप्प बसला असतात," तो म्हणाला, "तर मी इथे राहिलो असतो. तुम्हाला... नको होतं का ते?"

"हवं होतं. म्हणून तर सुई घाईने चालली." तिचा आवाज इतका लहान होता की त्याला पुढे झुकावं लागलं. "पण तुम्ही रोज समोर बसला असतात, आणि मला मान वर करून बघता आलं नसतं. असं ठेवून घेतलेलं माणूस काय कामाचं?"

त्याने कपची कुपीत ठेवली, बूच लावलं आणि कुपी घेऊन वर सरांकडे गेला. तासभर ती हातात सुई धरून बसली. एक कणही खरवडला नाही.

तो परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण डोळे हसत होते. "उद्या चारचौघांत बिनबुडाचा दावा करणार होतो मी. बूड सापडलं म्हणून वाचलो." सर चिडले, मग निवळले. निबंध वाचायचा, पण सख्खा डायनासोर नव्हे, चुलत म्हणून. जागा गेली. महिनाअखेरीला निघायचं.

त्याने निबंधाचं शेवटचं पान उघडलं आणि आपल्या नावाखाली बोट ठेवलं. बूड शोधणारीचं नाव इथे यायला हवं, म्हणाला. आणि मग, पेनाचं टोपण काढता काढता... "छापून यायला वर्ष लागतं. तोवर तुमचं नाव बदलणार असेल, तर आत्ताच सांगून ठेवा."

तिचे कान तापले. तिने त्या नावाखालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव आहे तेच राहील," ती म्हणाली. "पत्ता मात्र... तुझाच लिही."