काय बी होत नाही

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलेली आहे, आणि ती अमावस्येची नाही की मध्यरात्रीची नाही.

यंदाची संक्रांत झाल्यावरचा रविवार. सकाळचे दहा. कासारवाडी स्टेशनमागची इमारत, दुसरा मजला.

भाऊ रविराज, मूळचा उदगीरचा. एसी आणि गिझर बसवणं, दुरुस्त करणं हे त्याचं काम. हात सोन्याचा, जीभ त्याहून गोड. गिऱ्हाईक जरा घाबरलं की त्याचं एकच वाक्य ठरलेलं.

"काय बी होत नाही."

ते ऐकलं की माणसं निवांत व्हायची. मीही झालोय.

तर त्या सकाळी तो चहा पीत बसला होता. त्याची बायको विजयश्री आंघोळीला गेली होती.

आणि बाथरूममधून आवाज आला...

टिक... टिक... टिक... टिक...

रविराजच्या हातातला कप तसाच राहिला. हा आवाज त्यानं हजारदा ऐकला होता. नळ सोडला की गॅस गिझर पेट घेण्याआधी असाच टिकटिकतो.

पण त्याच्या घरात गॅस गिझर नव्हता. विजेचा होता. वर्षभरापूर्वी गॅसचा त्यानं घाईघाईनं काढून टाकला होता. का, ते बायकोला कधी सांगितलं नाही.

मग... भप्प.

आत ज्योत पेटली.

"विजू?"

आतून फक्त पाण्याचा आवाज...

मग तोही थांबला.

रविराज दारावर अक्षरशः तुटून पडला. "विजू! कडी काढ! आधी कडी काढ!"

दार उघडलं. विजयश्री ओल्या केसांनी, गाऊन गुंडाळून, चिडून उभी होती. ठणठणीत.

"काय झालं एवढं ओरडायला?"

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्यामागच्या खिडकीकडे बघत होता.

खिडकीत थर्माकोलचा तुकडा ठोकून बसवला होता. कडेला लाल मार्करची रेघ. मधेच थोडी वाकलेली.

ती रेघ त्यानंच मारली होती. पण या घरात नाही.

मागच्या वर्षी, याच थंडीत, चाकणजवळच्या निघोज्यात.

तिथल्या सरुबाईंच्या घरचा गॅस गिझर सारखा विझायचा. बाथरूमची खिडकी शेताकडे, वारा थेट ज्योतीवर. खरं काम म्हणजे गिझर काढून बाहेरच्या भिंतीवर बसवायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण रविराजला मारुंजीला पोचायचं होतं, तिथं एका इमारतीत पंधरा गिझर बसवायचे होते. त्यानं खोक्यातला थर्माकोल कापला आणि खिडकीत ठोकला. वारा बंद. गिझर चालू.

सरुबाई म्हणाल्या, "लेकरा, खिडकी अशी बुजवलेली चालती का रं?"

त्याला माहीत होतं, चालत नाही. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी हवा साठते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही.

"काय बी होत नाही, मावशी. आठ दिवसांत येतो, बाहेर बसवून देतो."

तो गेला नाही. मारुंजीचं काम लांबलं, मग दुसरं निघालं, मग विसरला.

तेविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, सरुबाई आंघोळीला गेल्या त्या गेल्याच. वय झालेलं, छातीत कळ आली असेल, असं सगळे म्हणाले.

रविराज घरच्यांना भेटायला गेला. हात धुण्याच्या निमित्तानं बाथरूममध्ये शिरला, थर्माकोल उपसला, जॅकेटमध्ये दडवला आणि चाकण रस्त्याकडेच्या कचऱ्यात फेकून आला.

तोच तुकडा आता त्याच्या खिडकीत होता.

"हे... हे कुणी बसवलं?"

"मला विचारता?" विजयश्री म्हणाली. "मी आतून विचारलंच की, खिडकी का बुजवलीय? तुम्हीच बाहेरून म्हणालात..."

"काय म्हणालो?"

"काय बी होत नाही."

त्यानं तसं काहीच म्हटलं नव्हतं.

त्याच दुपारी तो निघोज्याला गेला. आज सगळं सांगून टाकायचं, मग पोलीस येवोत नाहीतर लोक मारोत, असं ठरवूनच.

सरुबाईंची सून सोनल घरात एकटीच होती. तिनं पाणी दिलं.

"बरं झालं आलात, भाऊ. आत्या रोज इचारायच्या तुमचं. त्यो पोरगा आला का म्हनून. मी म्हनायची, फोन लावू का? तर म्हनायच्या, नगं, सबूद दिलाय त्यानं, येईल."

रविराजनं पेला खाली ठेवला.

"गिझर आमी तवाच काढला," सोनल हळू आवाजात म्हणाली. "पर रविवारी धा वाजलं की आत वाजतंय... टिक टिक. आज बी वाजलं. मला लई भ्या वाटतं. काय असंल ओ ते?"

आता सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते.

आणि त्याच्या तोंडून निघालं, "काय बी होत नाही, वहिनी."

तो तसाच उठला आणि निघून आला.

तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता त्याच्या बाथरूममध्ये टिकटिक होते. खिडकीत तो तुकडा असतो. तो काढतो, तोडतो, जाळतो. पुढच्या रविवारी पुन्हा असतो. विजयश्री आता दार लोटूनच आंघोळ करते, कडी लावत नाही. ती कारण विचारते, हा जिना उतरून निघून जातो.

मला त्यानं हे परवा सांगितलं, रडत सांगितलं. मी म्हणालो, "माझ्यापुढं रडून काय उपयोग? सोनलवहिनींना सांग." म्हणाला, तिथं गेलं की तोंडून दुसरंच निघतं.

मग म्हणाला, "तू त्या भुताखेतांच्या पेजवर लिहितोस ना? लिही. निघोज्याची पोरं वाचतात ते."

मी विचारलं, नावं बदलू का?



"नको," म्हणाला. "गावाचं पण राहू दे."

म्हणून बदललेली नाहीत.

आज शनिवार आहे.