शेवटच्या गाण्यातली हाक

टिंग...

बाजूच्या खोलीत स्टीलचा पेला लवंडला. बाकी दुपार गप्प होती.

हसायचं तर हसा, पण हे माझ्याच घरात झालंय. चौसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर. मागच्या मार्चमधला मंगळवार, दुपारचे तीन. लेक झोपलीय तोवर लिहून घेते.

माझे मिस्टर, जीवन, घरीच गाणी रेकॉर्ड करतात. तेव्हा एक जगावेगळा अल्बम चालू होता. विमानं नवी होती त्या काळात विमान चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट, सगळी आवाजांतून. पिठाची गिरणी म्हणजे इंजिन. बाईचं बोलणं माझं. आवाज घुमू नये म्हणून बाजूच्या पत्र्याच्या खोलीत चहूबाजूंनी घोंगड्या टांगलेल्या.

शेवटच्या गाण्यात बाई परत येत नाही. जमिनीवरून कुणीतरी तिला बोलावतं.

त्यासाठी यांना सासूबाईंची हाक हवी होती. हरवलेल्या मेंढीला मारतात ती.

सासूबाई तयार होईनात. "ही हाक रिकामी मारीत न्हाईत, जीवन. जे ऐकंल ते येतंय. मेंढरूच येईल असं न्हाई."

यांनी हसून एकदाच मारायला लावली. मग कम्प्युटरवर तीच हाक दिवसभर परत परत वाजवत ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझं रेकॉर्डिंग ऐकलं तर... माझ्या दोन वाक्यांच्या मधे एक श्वास होता. बाईचा. लई दमलेला.

माझा नव्हता.

मला सरळ यांचाच संशय आला. माझ्या मागं कुणाला आणली होती? यांनी लेकीची शपथ घेतली. तरी मी गुपचूप फोन तपासला. काही सापडलं नाही.

पण त्या दिवसापासून अंजू माझ्या हाकेला ओ देईना. पाच वर्षांची माझी पोर... मान वर करून नुसती पत्र्याकडं बघत बसायची.

त्या मंगळवारी हे बीडला गेलेले. लाईट नव्हती. पेल्याचा आवाज ऐकून मी धावले.

अंजू हेडफोन लावून बसली होती. वायर जमिनीवर लोळत होती... कशालाच जोडलेली नव्हती.

"अंजे, ये माझ्याकडं."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

वरचा पत्रा हळूच दबला... कुणी पाय टेकून बघावं तसा.

"आई, तिचं पेट्रोल संपलंय. उतरू का विचारतीय."

मी तिला छातीशी धरलं. कसंबसं म्हणाले, नको म्हण.

अंजूचे डोळे भरले.

"मग ती कुठं जाईल?"